उजवा कान

वेंडेल क्रूगरला गप्प बसवणं केटल क्रीकमध्ये कुणालाच जमलेलं नव्हतं, त्याच्या बायकोलाही नाही. त्याची लेक टेसा लहानपणी पहिल्यांदा फुटबॉलची गोलकीपर म्हणून उभी राहिली तेव्हापासून हा माणूस मैदानाच्या कडेने ओरडत आला होता. पुढे ये, मागे हो, हात वर, अगं बघतेस कुठे! स्वतः त्याने उभ्या जन्मात एक सामना खेळलेला नव्हता. दुधाचा टँकर चालवायचा आणि उरलेल्या वेळात सामन्यांचे व्हिडिओ बघायचे, एवढ्या भांडवलावर त्याची सगळी विद्वत्ता उभी होती.

शेवटी शाळेच्या प्रशिक्षक लिंडालबाईंनी उपाय काढला. लहान पोरांच्या सामन्यांत तोंडाळ आईबापांना लॉलीपॉप देऊन गप्प करायची पद्धत आहेच. बाईंनी ती हायस्कूलला आणली, आणि तीही एकट्या वेंडेलसाठी. प्रत्येक सामन्याआधी त्या त्याच्या हातात एक ठेवत आणि हा संपला तर माझ्याकडे दुसरा आहे, असं हसत सांगत. बाकीचे आईबाप पोट धरून हसायचे. वेंडेलही हसायचा. माणूस वाईट नव्हता.

पण तोंड बंद झालं म्हणून हात थोडेच बंद होतात? त्याने कानाची युक्ती काढली. उजवा कान धरला की टेसाने उजवीकडे झेप घ्यायची, डावा धरला की डावीकडे. सुरुवातीला तिलाही याची गंमत वाटली. काही पेनल्ट्या त्यावर अडल्या, काही सुटल्या. सुटलेल्या वेंडेलच्या लक्षात राहायच्या नाहीत.

राज्याच्या अंतिम सामन्याच्या सकाळी ती अंडी खाता खाता म्हणाली, "डॅड, आज कान नको. शाळेतला शेवटचा सामना आहे. आज माझं मला करू दे."

तो हो म्हणाला, आणि म्हणताना अगदी मनापासून म्हणाला.

नोव्हेंबरची हाडं गोठवणारी संध्याकाळ होती. मांडीवर घोंगडी आणि तोंडात लॉलीपॉप घेऊन वेंडेल बायकोशेजारी, मार्सीशेजारी, गुपचूप बसला होता. समोर ब्रायरटनचा संघ होता, आडदांड पोरींचा. एक-एक अशी बरोबरी झाली, जादा वेळही तशीच गेली, आणि गोष्ट पेनल्ट्यांवर आली. टेसाने ब्रायरटनची एक पेनल्टी अशी काही अडवली की मार्सी घोंगडीसकट उभी राहिली. वेंडेलने कान धरला नव्हता. हात मांडीखाली दाबून बसला होता बिचारा. आपण न सांगता हिने अडवली, याचा त्याला आनंद झाला, आणि कुठेतरी थोडं टोचलंही. ते त्याने कबूल केलं नसतं.

मग केटल क्रीकच्या एका पोरीचा चेंडू खांबाला लागला. हिशेब बरोबरीत आला आणि ब्रायरटनचा शेवटचा फटका उरला. हा गेला की सामना गेला. चेंडू ठेवायला त्यांची नऊ नंबरची उंच मुलगी आली. वेंडेलने आठवडाभर त्यांच्या उपांत्य सामन्याचा व्हिडिओ पाहिला होता. ही मुलगी गोलकीपरच्या उजवीकडेच मारते, हे त्याला पाठ होतं. एवढी पक्की माहिती आपल्याकडे असताना पोरीला अंधारात ठेवायचं? बापाने?

टेसाने सवयीने एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. वेंडेलचा हात मांडीखालून निघाला आणि उजव्या कानाला लागला. तोंडातून एक शब्द निघाला नाही. दिलेला शब्द पाळल्यासारखंच त्याला वाटलं.

टेसा उजवीकडे झेपावली. चेंडू डावीकडून आत गेला, सावकाश, कुणीही अडवला असता असा.

गळ्यात रुपेरी पदकं पडली. पोरी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या. गावच्या वर्तमानपत्राची बाई टेसाला विचारत होती, शेवटच्या फटक्याला उजवीकडे का गेलीस म्हणून.

"अंदाज चुकला," टेसा म्हणाली. "माझाच."

वेंडेल तिथेच उभा होता. तिचा नाही, माझा चुकला, हे शब्द त्याच्या जिभेवर आले. पण लिंडालबाई समोर होत्या, सगळे आईबाप होते. जन्मभर नको तिथे बोललेला माणूस नेमका तिथे गप्प राहिला. कान धरला ही चूक होती. ही त्याहून मोठी होती, आणि ते त्याला त्याच क्षणी कळलं.

बसकडे जाताना टेसा गाड्यांच्या रांगेपाशी त्याच्याजवळ थांबली.

"मला दिसलं होतं, डॅड. तिचा टेकलेला पाय माझ्या डावीकडे वळला होता."

"मग गेली का नाहीस?"

"तू कान धरलास म्हणून."

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चिडलेल्या पोरीला समजावता येतं. बाईंना जाऊन मी खरं सांगतो, असं तो म्हणाला. नको, म्हणाली.

"मार्चमध्ये कॉलेजच्या संघाची निवड चाचणी आहे ना, तिथे मी मॉमबरोबर जाईन," ती म्हणाली. "तू येऊ नकोस."

त्या दिवसाची रजा त्याने कधीच मागून ठेवली होती. तो म्हणाला, "बरं."

टेसाने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि ती निघाली. उजव्या बाजूवर पडली होती, त्यामुळे जरा लंगडत होती. बसमध्ये गुडघ्याला बर्फ लाव, हे सांगायला वेंडेलने तोंड उघडलं. मग मिटलं. लिंडालबाईंनीच तिच्यासाठी बर्फाची पिशवी काढून ठेवली होती. ती घेऊन टेसा बसमध्ये चढली आणि पलीकडच्या खिडकीशी बसली.