झाकलेल्या संगणकाची कैफियत

मित्रांनो, यंत्राला मन असते असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. मी एक जुना संगणक आहे. तिरोड्यातील एका घरात, भाताच्या गिरणीला लागून असलेल्या खोलीत, लाकडी स्टुलावर बसून असतो आणि थकलो आहे. माझा थकवा मोजता येतो. पंखा पूर्वीपेक्षा जोरात फिरतो आणि हवा पूर्वीपेक्षा कमी देतो.

माझी जुळणी २००६ सालची. पहिली पाच वर्षे नागपुरातील एका कचेरीत गेली. नऊ तास काम, मग विश्रांती, आठवड्याला एकदा पुसणे, असा नेम होता. हा कधी अडत नाही, असे तेथे माझे कौतुक होई. पुढे नवे संगणक आले आणि कधी न अडणारा मी जिन्याखालची अडगळ झालो. भंगाराच्या लिलावातून गोंदियाला मुन्नालालच्या दुरुस्तीच्या दुकानात पोहोचलो.

२०१२ मध्ये तेथे रंजिता आली. ती कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तिला घरी सर्व्हर हवा होता. म्हणजे सतत चालू राहणारा, घरातील साऱ्या नोंदी एका जागी सांभाळणारा संगणक. नोंदी तिच्या वडिलांच्या होत्या. ते, भैयालाल, बोदलकसा नावाच्या तलावावर चौकीदार होते. सरकारी नोंदवहीत पाण्याची पातळी लिहून झाली की ते स्वतःच्या वहीत पाऊस आणि थंडीत उतरणारे पक्षी मोजून लिहीत. १९९९ ते २००९, वर्षाला एक, अशा अकरा वह्या होत्या. रंजिताने प्रत्येक पानाचा फोटो काढून लॅपटॉपवर ठेवला होता. पण तो लॅपटॉप तिच्याबरोबर रोज गोंदियाला ये-जा करी, आणि जे रोज प्रवास करते ते एक दिवस हरवते, असा तिचा हिशेब होता.

मुन्नालालने तिच्यापुढे एका मोठ्या कंपनीतून निघालेला धिप्पाड सर्व्हर ठेवला. “ये ले जाओ मॅडम, बीस साल देखना नहीं पड़ेगा.”

“आणि लाईटचं बिल कोण पाहीन, मुन्नालालभाऊ?” रंजिता म्हणाली.

तिने पिशवीतून विजेचा खप मोजणारे मीटर काढले. धिप्पाड सर्व्हर काही काम न करताही माझ्या चौपट वीज खात होता. झाकण उघडल्यावर त्याच्या आतले वीज साठवणारे तीन कपॅसिटर फुगलेले, म्हणजे निकामी होत आलेले, दिसले. मग तिने मला उघडले, पंखा बोटाने फिरवून पाहिला, आणि माहिती साठवणारी माझी जुनी डिस्क किती तास चालली आहे तेही तपासले. ती म्हणाली, “डबा जुना चालेल. डिस्क नवीन टाका.” माझ्या आयुष्यात माझी इतकी काळजीपूर्वक निवड कोणीच केली नव्हती.

घरी भैयालालांनी मला आपादमस्तक न्याहाळले. “एक भंगार घरात होतंच नं, मी. दुसरं कायले आणलं वं?” असे म्हणाले, आणि आपल्या वह्यांची पाने माझ्यातून लॅपटॉपवर उघडताना पाहून तासभर उठले नाहीत.

चूक रंजिताकडूनच झाली. नोंदी माझ्याकडे सुरक्षित आहेत, असे मानून तिने जागा मोकळी करण्यासाठी लॅपटॉपवरचे फोटो पुसले. पुढच्या पावसाळ्यात ट्रंकेतल्या वह्यांना उधळी, म्हणजे वाळवी, लागली. आता त्या अकरा वर्षांची एकच प्रत उरली, आणि ती माझ्यात होती. प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या त्या मुलीने प्रती तेवढ्या मोजल्या नाहीत.

आमच्या घरामागे भात भरडणे सुरू झाले की खोलीभर कोंडा उडतो. म्हणूनच रंजिताच्या आई सुमनबाई घरातली प्रत्येक वस्तू झाकतात. टीव्हीला आवरण, मिक्सरला आवरण, रेडिओला लोकरीची झालर. २०१४ च्या हंगामात रंजिता दहा दिवस प्रशिक्षणाला गेली, तेव्हा त्यांनी मलाही लोकरीचे आवरण शिवून घातले. त्यावर मोर भरला होता.

मी चालू होतो. हवा आत येईना. पंखा ओरडू लागला. माझ्यात कोंडा शिरतो आहे, असे समजून सुमनबाईंनी वर जुन्या लुगड्याची घडी घातली. आवाज वाढत गेला, तशा घड्याही वाढत गेल्या. मी दोनदा तापून बंद पडलो; लाईट गेली असेल म्हणून त्यांनी मला पुन्हा चालू केले आणि पुन्हा झाकले.

रंजिता परतली तेव्हा माझी डिस्क टकटक वाजत होती. तिने एका हाताने साऱ्या घड्या ओढून काढल्या, टेबलफॅन माझ्यासमोर लावला आणि एकेक पान लॅपटॉपवर काढू लागली. तिसऱ्या दिवशी डिस्क थांबली. नऊ वर्षे वाचली. २००३ आणि २००४ गेली.

सुमनबाई मोराचे आवरण हातात घेऊन दारात उभ्या होत्या. “म्या तं धूळ नको बसाले म्हणून झाकलं होतं,” त्या म्हणाल्या. मग भैयालालांकडे वळून त्यांनीच मार्ग सुचवला: “तुमाले तं सारं तोंडपाठ हाय नं. सांगा, रंजिता लिवून घेईन.”

भैयालालांनी डोळे मिटले. २००३ च्या पौषात तलाव किती भरला होता, कोणत्या काठाला बदके उतरली होती, हे त्यांनी सांगायला घेतले. रंजिता टंकू लागली. चार ओळींनंतर ते थांबले.

“पुसून टाक, बाई.”

“काऊन, बाबा?”

“तईन म्या मोजून लिवलं होतं. आता याद करून राहिलो. तोंडपाठ हाय म्हणूनच भरोसा नाही. ते दोन साल कोरेच राहू दे.”

रंजिताने चारही ओळी पुसल्या. सुमनबाईंनी आवरणाची घडी केली आणि उधळीने खाल्लेल्या वह्यांच्या ट्रंकेवर ती अंथरली.

त्यानंतर मला नवी डिस्क मिळाली आणि नोंदींच्या तीन प्रती झाल्या: एक माझ्यात, एक लॅपटॉपवर, एक रंजिताच्या मावशीकडे देवरीला. दर रविवारी सुमनबाई स्वतः माझे झाकण उघडून कुंचल्याने कोंडा झाडतात. पंखा थांबला आहे ना, हे आधी विचारतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घ्या. मात्र घेताना आत पाहा, मोजा, आणि विकणाऱ्यावर घ्याल तितकाच संशय माझ्यावरही घ्या. माझी काळजी घेणार असाल, तर मला हवा कुठून मिळते एवढे आधी पाहून घ्या. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते एकट्या माझ्यावर सोपवू नका.

मी रोज पहाटे, वर्षाला एक अशा, अकरा कप्प्यांची प्रत काढतो. त्यांपैकी दोन कप्पे रिकामे आहेत, त्यांचीही काढतो. त्यांत काही नाही, ही नोंद मात्र बरोबर आहे.