आजीच्या वळणावर

विशाखा जन्मली तेव्हा तिच्या आजीने, मथुराबाईने, अख्ख्या मोहल्ल्यात गूळ वाटला. दिग्रसपासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यात मुलगी झाली म्हणून गूळ वाटणारी ती पहिलीच. साठी गाठलेली बाई, पण कापूस वेचायला लागली की तरण्या पोरी मागे पडत, आणि सरपणाचा भारा एकदा डोक्यावर घेतला की घर येईपर्यंत वाटेत टेकवायची नाही. "नात झाली वं, नात!" असं ओरडत ती दारोदार फिरली.

बाळाची आई कौसल्या तेवढी खाटेवर पडल्या पडल्या बाळाच्या हातापायांची बोटं चाचपून पाहत होती. सुजली तर नाहीत?

तिचा पहिला मुलगा भीमराजही असाच धडधाकट जन्मला होता. सात-आठ महिन्यांचा झाला आणि त्याचे पंजे फुगले. मग डोळे पिवळे पडले, हाडांत ठणका सुरू झाला. यवतमाळच्या दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितलं, "याच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात." औषधपाणी पुष्कळ केलं, पण चौथं वर्ष लागता लागता पोर गेलं.

मथुराबाई मनाने निर्मळ, पण तोंडाची फटकळ. दुःखाच्या भरात ती एकदा सुनेला बोलून गेली, "तुह्या माहेरचंच रगत कच्चं हाये, कौसल्ये. तुहा भाऊबी असाच गेला ना?" कौसल्येने मान खाली घातली. तिला स्वतःलाही तेच खरं वाटत होतं.

पुढचं मूल झालं तर ते वर्षाचं झाल्यावर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तान्ह्या बाळाच्या रक्तावरून आम्हाला नीट सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते वर्ष कौसल्येने जीव मुठीत धरून काढलं. विशाखा मात्र आपल्या तालात वाढत होती. रांगत जाऊन तिने चुलीतली राख खाल्ली, दोन दात येताच बापाचं बोट कडाडून चावलं. तिचा बाप धर्मपाल दिग्रसच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. वर्ष भरलं तशी त्याने तीन दिवसांची सुट्टी काढली. मथुराबाईने आधीच गठुडं बांधून ठेवलं होतं.

"माय, तू कायले येतं?" धर्मपाल म्हणाला.

"पोट्टीले सुई टोचन, ते रडन. तवा तिले कोन घेईन, तू?"

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विशाखाचं रक्त घेतलं, मग आईबापाचं घेतलं, आणि मथुराबाईकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुमचंही द्या."

"माहं काहून? मले का झालं? मी अजूनबी पायलीभर ज्वारी एका बैठकीत दळतो!"

"असू द्या. कोणाकडून काय आलं ते पाहायचं आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना कागदाच्या चार पट्ट्या दाखवल्या. प्रत्येक पट्टीवर दोन-दोन डाग उमटले होते. "प्रत्येक लेकराला एक वाटा आईकडून मिळतो आणि एक बापाकडून," त्या सावकाश सांगू लागल्या. "तुमच्या मुलाला दोन्हीकडून विळ्याचाच वाटा आला, म्हणून तो आजारी पडला. हिला विळ्याचा एकच आलाय. दुसरा चांगला आहे."

कौसल्येने विशाखाला छातीशी ओढलं. "म्हंजे हिले अर्धी बिमारी हाये?"

"अजिबात नाही. हिला तो आजार नाही आणि पुढेही व्हायचा नाही. नुसती खूण आहे रक्तात. खेळू द्या, शाळेत घाला. फक्त लग्न जुळवताना मुलाचं रक्त तपासा. त्याच्यातही हीच खूण निघाली तर त्यांच्या लेकरांना धोका. तुम्हा नवराबायकोत ती आहेच. दर बाळंतपणाला रुपयात चार आणे धोका धरून चाला."

धर्मपालने हळूच विचारलं, "पन बाई, अशी खून असलेलं मानूस राह्यते कसं?"

बाई हसल्या. "तुमच्या आईसारखं! त्यांची पट्टी बघा, थेट नातीसारखी. साठ वर्षं झाली, त्यांना पत्ता तरी लागला का?"

मथुराबाईचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजे भीमराजले माह्याकडूनबी गेलं?"

"एक वाटा तुमच्याकडून, मुलामार्फत. एक सुनेकडून. कोणी मुद्दाम देत नाही, आजी. यात दोष कोणाचाच नाही."

बाहेर व्हरांड्यात येऊन मथुराबाई भिंतीला टेकून बसली.

"कौसल्ये, मी तुले लई वंगाळ बोलली वं. तुह्या माहेराले नावं ठेवली, अन् ते माह्याच अंगात..."

"जाऊ द्या, आत्याबाई." कौसल्या तिच्याजवळ सरकली. भीमराजसाठी दोघी आजवर वेगवेगळ्या कोपऱ्यांत रडल्या होत्या. त्या दिवशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मध्ये दडपलेल्या विशाखाने वैतागून आजीचं नाक गच्च पिरगाळलं.

"अवं माय!" मथुराबाई ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचे डोळे चमकले. "थांबा थांबा! म्हंजे हे पोट्टी माह्यावर गेली! माह्यासारखी भारे उचलन, माह्यासारखी साठी पार करन!"

"भारे कायले उचलन?" कौसल्या डोळे पुसत हसली. "मास्तरीन होईन ते."

परतीच्या एसटीत मथुराबाईने ही बातमी शेजारच्या बाईला सांगितली, मागच्या दोघांना सांगितली, शेवटी कंडक्टरलाही सांगितली. "माहं अन् नातीचं रगत एकच निघालं, बाप्पा!" कंडक्टरला काही उमगलं नाही, पण त्याने हसून विशाखाच्या हातात एक कोरं तिकीट दिलं. कौसल्येने खिडकीला डोकं टेकलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला बसल्या जागी गाढ झोप लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मथुराबाईच्या पुतण्याचं, उकंडाचं, लग्न ठरत होतं. बैठकीत साड्यांची, जेवणाची बोलणी चालली असताना मथुराबाई मध्येच उठली. "ते सारं होईन. पोरापोरीचं रगत तपासलं काय?"

माणसं खो खो हसली. मुलीचा बाप जरा नाराज झाला. मथुराबाईने त्याला शेजारी बसवून घेतलं आणि भीमराजची सगळी हकीकत सांगितली, स्वतःचा वाटासुद्धा लपवला नाही. मुलीच्या बापाने मान डोलावली. आठवड्याने उकंडा आणि त्याची होणारी नवरी यवतमाळला जाऊन रक्त तपासून आले. मुलीत खूण निघाली, उकंडात नाही.

"मंग काही भेव नाही!" मथुराबाईने जाहीर केलं. "वाजवा बँड!"