चौदा सेकंदांची फेरी

मित्रांनो, मी एक जुना फेऱ्यांचा तक्ता आहे. जाड पुठ्ठ्याचा, दोनशे चौकटींचा, कोपऱ्यावर लोण्याचा डाग पडलेला. हल्ली नॉर्थ कॅरोलिनातल्या एका स्वयंपाकघरात, पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो. पण माझा जन्म शर्यतीसाठी झाला.

१९५३ सालची गोष्ट. आमच्या गावाबाहेर लाल मातीच्या गोल वाटेवर मोटारी धावायच्या. मोटारी रोजच्याच वापरातल्या. दारं पट्ट्याने आवळायची आणि दामटायची. फेऱ्या मोजायला यंत्र नव्हतं. प्रत्येक गाडीमागे घरचंच एक माणूस मांडवात बसे आणि गाडी रेषेवरून गेली की समोरच्या घड्याळातली वेळ चौकटीत लिही. एवढ्या धुळीत आपली गाडी घरच्यांनाच ओळखू येते ना!

त्या दुपारी मी आर्व्हेलाच्या मांडीवर होतो. तिचा नवरा हॉइट प्रेसनेल सात नंबरची गाडी चालवायचा. नऊ वर्षांत तो कधीच पहिला आला नव्हता. दुसरा, तिसरा मात्र ढीगभर वेळा.

दोनशे फेऱ्यांची शर्यत संपली आणि हॉइट व दुसरा एक चालक डब स्टेमी दोघंही 'मीच पहिला' म्हणू लागले. मुख्य मोजणीदार टीग साहेबांनी दोघांचे तक्ते शेजारी ठेवले. माझी दोनशेवी चौकट आधी भरली होती. लोकांनी हॉइटला खांद्यावर घेतलं, हातात चषक दिला. तो बापडा लहान मुलासारखा रडत होता. मीही खूप फुशारलो.

मग मी सहीसाठी आर्व्हेलाकडे आलो आणि तिची पेन्सिल अडली. एका फेरीला बत्तीस सेकंद लागायचे. माझ्या एकशे अठरा आणि एकशे एकोणीस या चौकटींत अंतर होतं चौदाच सेकंदांचं! काचेवरचा चिखल पुसायला हॉइट रेषेच्या जरा अलीकडे थांबला होता. त्याला येताना पाहून तिने सवयीने वेळ लिहिली आणि रेषा ओलांडल्यावर पुन्हा लिहिली.

मुकाट सही केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिने एकशे एकोणिसाव्या चौकटीवर एक सरळ रेघ मारली.

"टीग साहेब, हॉइटची एक फेरी मी जास्त लिहिलीय."

"अगं आर्व्हेला, कप हातात आहे त्याच्या!"

"असू दे. चौदा सेकंदांत फेरी मारणारा नवरा असता, तर आमचं गळकं छप्पर कधीच दुरुस्त झालं असतं."

हॉइट खाली उतरला. त्याने मला हातात घेतलं. तो मला टराटरा फाडणार, असं वाटून मी घाबरलो. पण त्याने चषक स्टेमीच्या हातात दिला.

"घे बाबा. हिच्या पेन्सिलीपुढे माझं काही चालत नाही."

घरी जेवताना आर्व्हेलाने हळूच विचारलं, "पुढच्या वेळी फेऱ्या कोण मोजणार?"

"तूच. दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवू मी?"

हॉइट पुढेही कधी पहिला आला नाही. माझ्या पाठीवर आर्व्हेलाने पीच पाय या गोड पदार्थाची कृती लिहिली, म्हणून मी डब्यात राहिलो. मित्रांनो, जुने कागद जपा आणि चूक झालीच, तर ती वाचता येईल अशी खोडा. पाहुण्यांनी "जिंकलेले कप दाखवा" म्हटलं की म्हातारा हॉइट कपाटाकडे जात नसे. तो मलाच डब्यातून काढायचा आणि त्या रेघेवर बोट ठेवायचा.