साडेदहा ते साडेअकरा

"करा सही, ताई. एवढा काय विचार करताय? फाशीची शिक्षा नाहीये ती," साहेब म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी वाचला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे ज्योत वेळोवेळी विझली, हे मला मान्य आहे.'

तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं मी या कचरा डेपोवरची ज्योत सांभाळते आहे. कचरा आत कुजतो, त्यातून मिथेन निघतो. जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून ब्लोअर, म्हणजे मोठा पंखा, तो ओढून घेतो आणि उंच चिमणीच्या टोकाला ज्योतीत तो जळून जातो. ब्लोअर थांबला की ज्योत विझते आणि सगळा गॅस हवेत मोकळा. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि म्हणे हलगर्जीपणा!

झालं होतं ते असं. परदेशातल्या लोकांचा उपग्रह आमच्या डोक्यावरून जातो. दोन देशांचा करारच आहे तसा: त्यांनी वरून बघायचं, आम्हाला कळवायचं, आम्ही खाली दुरुस्त करायचं. त्यांनी अकरा फोटो पाठवले. अकराही फोटोंत आमच्या डेपोवर मिथेनचा ढग आणि अकराही फोटो सकाळी पावणेअकराच्या सुमाराचे. वरच्या ऑफिसने साहेबांना कारण विचारलं. साहेबांनी शोधून काढलं. कारण म्हणजे मी!

अहो, साडेदहा ते साडेअकरा ब्लोअर बंद ठेवायला सांगितलं कोणी? चार वर्षांपूर्वी साहेबांची नवी खोली ब्लोअरच्या शेडला चिकटून बांधली. रोजच्या मीटिंगमध्ये आवाजाचा त्रास व्हायला लागला. "ताई, तासभर बंद ठेवत जा," हा हुकूम. तोंडी, अर्थातच. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "साहेब, गॅस बाहेर पडेल." तर म्हणे, "एका तासाने काय आभाळ कोसळतंय?"

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"पाच महिन्यांत निवृत्त होताय. कशाला नसती कटकट? एक शेरा पडेल फाइलवर, बस."

सूनही काल हेच म्हणाली होती. "करून टाका, आई, आणि सुखाने घरी या." तिचं चुकत नव्हतं. पण सव्वीस वर्षांत माझ्या फाइलवर एक शेरा नाही. जाता जाता दुसऱ्याचं पाप पदरात घेऊन कशी जाऊ?

घड्याळात साडेदहा झाले. साहेब सवयीने म्हणाले, "बरं ते राहू दे. परदेशी मंडळींशी मीटिंग आहे, आधी ब्लोअर बंद करा."

मी कपाळावर हात मारला. पण हुकूम तो हुकूम. केला बंद.

पाच मिनिटांत कारकून धावत आला. "ताई, चला आत. ती पडद्यावरची बाई म्हणतेय, ज्योत सांभाळणाऱ्यांशीच बोलायचंय."

पडद्यावर चष्मा लावलेली, माझ्याच वयाची बाई होती. शेजारच्या चौकटीत आमची भाषा बोलणारा दुभाषी. साहेबांनी घसा साफ केला. "कर्मचाऱ्याकडून थोडा हलगर्जीपणा…"

बाईने हात वर करून त्यांना थांबवलं. दुभाषी म्हणाला, "त्या विचारतायत, उपग्रह आत्ता तुमच्याच डोक्यावर येतोय. ज्योत पेटलेली आहे का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच 'हो म्हणा' म्हणत होते.

"नाही," मी म्हणाले.

"का?"

"तुमचं बोलणं साहेबांना नीट ऐकू यावं म्हणून."

दुभाषी अडखळला. "परत सांगता का?" मी परत सांगितलं, शब्द न् शब्द. त्याने तिकडे सांगितलं. बाईने चष्मा काढला, डोळे चोळले आणि काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतायत, दर वेळी आम्ही मीटिंग घेतो तेव्हा?"

"तेव्हाही. आणि तुम्ही फोन करत नाही त्या दिवशीही. रोज. चार वर्षं झाली."

कारकून खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांचे कान लाल झाले होते. मी उठले.

"ताई, बसा खाली! मीटिंग चालू आहे," साहेब ओरडले.

"बसते ना. आधी चालू करून येते."

शेडमध्ये जाऊन बटण दाबलं. ज्योत तिसऱ्या प्रयत्नाला पेटली. खिडकीतून दिसत होतं, साहेब पडद्याकडे बघून तोंड हलवतायत, बाई कानावर हात ठेवून 'ऐकू येत नाही' अशी खूण करतेय. मी परत आत गेले नाही.

चार दिवसांनी कारकून नवा कागद घेऊन आला. वेळ अकराची होती. शेडमध्ये इतका आवाज होता की त्याला माझ्या कानाशी येऊन ओरडावं लागलं.

"ताई, जुना कागद साहेबांनी फाडला. पण हा फाइलला लागणार. माफ करा, मी नुसता आणून देतोय."

'वरिष्ठांचा आदेश डावलून, बैठक चालू असताना ब्लोअर सुरू केला, हे मला मान्य आहे.'

मी दोनदा वाचला. मग कारकुनाच्या खिशातलं पेन घेतलं, कागद गरम पत्र्यावर टेकवला आणि पूर्ण नावानिशी सही केली.