कोरे गुडघे

माणसं तोंडाने काय सांगतात, ते इस्त्रीमावशीने कधी फारसं मनावर घेतलं नाही. कपडे काय सांगतात ते ती ऐकायची. तीस वर्षं लाँड्री चालवलेली. कॉलरवरून तिला माणसाची झोप कळे, बाहीवरून भांडण. लेकाचं पिणंही तिला आधी शर्टानेच सांगितलं होतं. सून बोलली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

आता सून माहेरी होती, सहा वर्षांची नात तिच्याजवळ, आणि लेक लाँड्रीच्या मागच्या खोलीत. पाच महिने तो रोज सकाळी प्रार्थनाघरात जात होता. तासभर गुडघे टेकतो, मन निवतं, पिणं सुटलं ते त्यामुळेच, असं सांगायचा. मावशीचं देवाशी सख्य नव्हतं, वैरही नव्हतं. तो त्याच्या कामात, ती तिच्या. पण ज्याने दहादा कानाला खडा लावला आणि दहादा काढून फेकला, तो एकाएकी भाविक झाला, हे तिच्या गळी उतरेना.

अशात सुनेचा फोन आला. पोर बापासाठी झुरतेय, म्हणाली. पण त्याच्या शब्दावर आणणार नाही, तुमच्या शब्दावर आणेन. "तुम्हीच सांगा, आई. तो खरंच प्रार्थनेला जातो ना?"

मावशीने शनिवारपर्यंत वेळ मागून घेतला आणि लेकाची पँट इस्त्रीच्या टेबलावर पसरली. गुडघे कोरे. पाच महिने रोज टेकलेले म्हणे, आणि ना झीज, ना चमक, ना फुगवटा. उलट शर्टाच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, चुन्याचा पुसट पट्टा. तिने धुण्यातले बाकीचे शर्ट उपसले. प्रत्येकावर तोच पट्टा, त्याच जागी. कुठेतरी पाणी मुरत होतं. गुत्त्याच्या भिंतीलाही चुनाच असतो.

संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं केलं, आज काय गायले रे तिथे? त्याने गाणं सांगितलं, शब्दांसकट, कडव्यांसकट. उत्तर इतकं चोख आलं की तिची शंका दुणावली. खरं बोलणारा मध्ये कुठेतरी अडखळतो.

दुसऱ्या दिवशी चादरींचा गठ्ठा काखोटीला मारून ती त्याच्या मागे निघाली. प्रार्थनाघराचं दार आलं, आणि लेक दारावरून सरळ पुढे गेला. कोपऱ्यावरून गल्लीत वळला. मावशीने पावलं झपाझप उचलली. तिने कोपऱ्याआडून डोकावलं.

प्रार्थनाघराच्या बाजूच्या, चुन्याने रंगवलेल्या भिंतीला पाठ लावून, खिडकीखाली तो उभा होता. आतून गाणं येत होतं, आणि याचे ओठ एक ओळ मागे हलत होते. डोळे सताड उघडे. मावशी गाणं संपेपर्यंत त्याच्या हातांकडे बघत राहिली, मग खिशांकडे. हात रिकामे, खिसे सपाट. शेवटी ती पुढे झाली.

तो दचकला नाही. गठ्ठा घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"आत का नाही जात?"

"आत सगळे डोळे मिटतात. मी मिटले की बाटली दिसते. इथे उघड्या डोळ्यांनी ऐकता येतं."

"मग गुडघे टेकतो म्हणून कशाला सांगितलंस?"

"भिंतीला टेकतो म्हटलं असतं, तर ठेवून घेतलं असतंस मला?"

तिने गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला. देव मानतोस तरी का, असं विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. पण हा तास निघाला की पुढचाही निघतो.

"तोंड उघडून हा कर," मावशी म्हणाली.

आणि चौतिशीच्या लेकाने भर गल्लीत, शाळकरी पोरासारखा, तोंडाचा आ केला. शिळ्या झोपेचा वास आला. दुसरा नाही.

शनिवारी तिने फोन लावला. जातो हो प्रार्थनेला, एवढं म्हटलं असतं तरी नात आली असती. शब्द जिभेवर आलाही होता.

"आत जात नाही तो," ती म्हणाली. "बाहेर भिंतीला टेकून उभा असतो, आणि आपल्याला खोटं सांगतो. पीत मात्र नाही. आजपर्यंत तरी."

 सुनेने हळूच विचारलं, आणू का मग?

"आण. पण कधी येणार ते कळवू नकोस. कळवलंस तर तेवढा एक दिवस तो निभावून नेईल. आणि मलाही सांगू नकोस, बाई. माझ्या तोंडून त्याच्या कानावर गेल्याशिवाय राहायचं नाही."