हाफ सेल्फ

या, असं दाराशी उभं राहू नका. पुढं सरका, जवळ येऊन बसा. आमच्या मठातल्या शिवनाम सप्त्याच्या शेवटच्या दिवशी काय घडलं ते तुम्हाला सांगते. गोष्ट कीर्तनाची आहे, पण तिच्यात डिझेलचा धूर फार आहे. रुमाल, पदर, जवळ असेल ते नाकाला लावा आणि ऐका.

नेसरीच्या अलीकडं आमचं गाव. शिवगंगाअक्का आमच्या भागातल्या शिवकीर्तनकार. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा आवाज मठातून निघून ओढ्यापलीकडच्या शेतापर्यंत पोचायचा. आता वय झालं, गळा बारीक झाला. सप्त्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं की शनिवारी सकाळचं प्रसादाचं कीर्तन हे त्यांचं शेवटचं. त्यानंतर वीणा पुतणीच्या गळ्यात.

आणि शेवटच्या कीर्तनाला त्या जात्याचं आख्यान लावणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. महादेव जंगमाच्या वेषात एका बाईच्या दारात येतो. ती दळत बसलेली असते. देव हाक मारतो, पण जात्याच्या घरघरीत तिला ऐकू येत नाही. माणूस असता तर ओरडला असता. देव ओरडत नाही. दुसरी हाक पहिलीपेक्षा हळू, आणि तिसरी त्याहून हळू. त्या तिसऱ्या हाकेला बाईचा हात खुंट्यावर थांबतो. अक्का ती तिसरी हाक अशी घालायच्या की मांडवातलं रडतं मूलसुद्धा गप व्हायचं. मी ती कितीदा ऐकली असेल, तरी दर वेळी वाटायचं, माझ्याच दारात कुणी तरी येऊन थांबलंय. त्या दिवशी ती शेवटची ऐकायला मिळणार होती. सगळा मांडव तेवढ्यासाठीच भरला होता.

सगळा म्हणजे, गाडीवाले सोडून.

प्रसादाच्या भाकऱ्या थापून मी उशिरा पोचले, त्यामुळं जागा मिळाली ती अगदी मागं, जिथं मांडव संपतो आणि गाड्या सुरू होतात तिथं. एका कानानं अक्कांचं निरूपण आणि दुसऱ्या कानानं जुन्या पिकअपवाल्यांची बडबड ऐकणं माझ्या नशिबी आलं.

या मंडळींची जमातच वेगळी. नवी गाडी घ्यायची ऐपत नसते हे मी समजू शकते, आमच्या घरी तरी कुठं आहे? पण ऐपत नाही असं हे कधी म्हणणार नाहीत. नव्या गाड्यांत दम नाही, असं म्हणतील. नव्या गाडीत म्हणे सगळा कॉम्प्युटर, पावसाचा थेंब पडला की रुसते. आमची जुनी हातोड्यानं दुरुस्त होते. बरं, दुरुस्त होते ती मुळात बिघडते म्हणूनच ना? पण हे त्यांना सांगायचं कुणी.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे हाफ सेल्फ. म्हणजे किल्ली अर्धी फिरवली, सेल्फनं नुसतं हूं केलं, की इंजिन लागलं. आमच्या गावात प्रत्येक जुनी गाडी हाफ सेल्फ आहे. आणि तरीही प्रत्येक हाफ सेल्फ गाडी चावडीजवळच्या उतारावर, तोंड खाली करून लावलेली असते. का, तर तिथं सावली असते म्हणे. त्या उतारावर झाड नाही, भिंत नाही, साधी टपरीसुद्धा नाही. सकाळी मालक येतो, इकडं तिकडं बघतो, ब्रेक सोडतो, गाडी गडगडत खाली जाते आणि मध्येच दचकून चालू होते. वर हा असा मान ताठ करून बसतो, जसं काही विमानच उडवलं.

मठाचं पटांगण मात्र परातीसारखं सपाट. तिथं सावली मिळायची सोयच नाही. म्हणून तिथं आलेली एकही गाडी बंद केलेली नव्हती. तीन गाड्या, तिन्ही धडधडत उभ्या.

पहिली विजयसिंहांची, पुढं लांब नाक असलेली. तिच्यातून प्रसादाची पातेली आली होती. दुसरी मृत्युंजयअण्णांची, चपट्या तोंडाची. तिच्या हौद्यात बसून शेजारच्या वाडीची माणसं आली होती. हे दोघं आपापल्या गाडीला टेकून उभे होते आणि त्यांची तुलना चालली होती. विजयसिंहांचं म्हणणं, चढाला नाकाचीच गाडी पाहिजे, वजन पुढं राहतं. अण्णांचं म्हणणं, चपट्या गाडीला हौदा मोठा मिळतो, आणि ॲव्हरेज विचाराल तर डिझेलचा वास दाखवला तरी ती कागलला जाऊन येते. मग चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आले. एकाच्या पाट्यांवर हत्ती उभा राहिला तरी दबत नाहीत, दुसऱ्याच्या पाट्यांवर हत्ती आणि माहूत दोघंही. आमच्या भागात हत्ती कोण भाड्यानं नेतं, देव जाणे.

"नाक हाय म्हणून मान हाय," विजयसिंह म्हणाले. "तुमच्या गाडीला नुसतं थोबाड हाय, अण्णा."

"व्हय की," अण्णा म्हणाले. "पर त्या नाकाचा उपयोग काय? बघावं तवा शिंकतीयाच."

तिसरी गाडी भूपालची. शेजारच्या गावचा हा जैन शेतकरी, अबोल माणूस. त्याच्या गाडीला नाक होतं, पण बाभळीला धडकून ते आत बसलेलं. डावं दार सुतळीनं बांधलेलं. तिच्यावर दोघांचंही एकमत होतं. एकानं तिला भंगारवाल्याची वाट चुकलेली म्हटलं, दुसऱ्यानं भूपालला विचारलं की गाडी तू चालवतोस का ती तुला. भूपाल हसला नुसता. तो कधी हाफ सेल्फ म्हणत नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगतो, सेल्फ मेलाय, उताराला लागते. गाडीवाल्यांत त्याला काडीची किंमत नाही ती यामुळंच.

त्याच्या हौद्यात त्या दिवशी दवणा होता, ओल्या पोत्यांखाली झाकलेला. चैत्र महिना, दुसऱ्या दिवशी रविवार, जोतिबाचा वार. तिथले दुकानदार देवाला वाहायचा हा माल शनिवारी दुपारीच घेऊन मोकळे होतात. म्हणजे घटकाभर कीर्तन ऐकून लगेच निघायचं, अशी त्याची आणि त्याच्या बायकोची ठरलेली बोली. दवणा लावला, पाजला, पहाटे कापला तो तिनंच. चंदना तिचं नाव. रोज न चुकता बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात जाणारी, पण अक्कांचं कीर्तन तिनं माहेरी लहानपणी ऐकलं होतं आणि आता शेवटचं म्हटल्यावर तिला राहवलं नव्हतं. सुतळीच्या दाराशी, गाडीतच बसून ती ऐकत होती.

अक्का आख्यानाच्या दारापर्यंत आल्या, बाई दळायला बसली, आणि वीज गेली.

कर्ण्यातला आवाज गेला तेव्हा कळलं की इतका वेळ तो कर्णाच त्या तीन इंजिनांना झाकून होता. आता उरली नुसती धडधड. अक्का थांबल्या नाहीत. त्यांनी पहिली हाक घातली. पुढच्या दोन रांगांना ती ऐकू गेली असेल. मला त्यांचे ओठ तेवढे दिसले.

मठाचे केरबाकाका उठून मागं आले आणि हात जोडून गाड्या बंद करायला सांगू लागले. विजयसिंहांनी त्यांना समजावलं की इंजिन तापलेलं आहे, एकदम बंद केलं तर आतून तडा जातो. अण्णांनी समजावलं की जुन्या इंजिनाला हळूहळू गार होऊ द्यावं लागतं, त्याचं एक शास्त्र आहे. काकांनी मग दोघांना मिळून विचारलं की गाड्या तर हाफ सेल्फ आहेत ना. त्यावर विजयसिंह म्हणाले, आधी अण्णांनी बंद करावी. अण्णा म्हणाले, पाहुण्यांचा मान आधी. दोघंही याच गावचे, आणि पाहुणा कोण ते शेवटपर्यंत ठरेना.

अशा माणसांचा मला राग येत नाही. रागाला समोर काहीतरी वजनाचं लागतं. देव दारात उभा आहे, म्हातारी बाई गळ्यातला शेवटचा सूर काढून त्याच्या वतीनं हाक मारते आहे, आणि हे दोघे मिशीवाले धक्का मारायला माणसं बोलवावी लागतील या लाजेपायी धूर सोडत उभे आहेत. घाबरायचं तरी कशाला घाबरायचं, याचीही काही रीत असते.

अक्कांनी दुसरी हाक घातली. त्यांचा हात मृदंगवाल्याकडं गेला, वाजवू नको म्हणून. मृदंग थांबला. इंजिनं नाही.

चंदना गाडीतून उतरून माझ्याशेजारी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. क्षणभर अक्कांकडं बघितलं, मग वळून नवऱ्याकडं.

"बंद करा," ती म्हणाली.

भूपालनं हौद्याकडं बघितलं. "लागायची न्हाय परत. सपाट हाय सगळं."

"ठावं हाय मला."

"दवणा मरंल, चंदे."

"मी लावलाय त्यो. बंद करा म्हणत्ये मी."

त्यानं आत हात घालून इंजिन बंद करायची तार ओढली. गाडी दोनदा हिसकली आणि निपचित झाली. आता दोनच धडधडी राहिल्या, आणि मांडवातली माणसं माना वळवून बघायला लागली. विजयसिंहांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी आभाळाकडं.

चंदना पुढं झाली. सरळ विजयसिंहांच्या गाडीशी गेली, उघड्या खिडकीतून हात घातला आणि तार ओढली. तिथून चपट्या गाडीकडं गेली. अण्णा मध्ये आले. म्हणाले, "ए बाई, दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नगंस."

"मग तुम्ही लावा," ती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

अण्णांनी लावला. सगळं गाव बघत होतं, दुसरं काय करणार?

तेव्हा जी शांतता झाली ती मी कशी सांगू? वाळत घातलेल्या धोतराची फडफड ऐकू आली, चुलीवरच्या आमटीची रटरट ऐकू आली. अक्कांनी डोळे मिटले. मग तिसरी हाक आली, श्वासाएवढी. ती माझ्यापर्यंत पोचली, खांबापर्यंत पोचली, गाड्यांपलीकडं बांधाला टेकलेल्या माणसांपर्यंत पोचली. माझ्या शेजारची म्हातारी उठून उभी राहिली, जणू दार उघडायला. चंदना गाड्यांच्या मधोमध होती तिथंच मातीत बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

प्रसाद झाला. मग सुरू झालं धक्क्याचं कीर्तन. विजयसिंहांनी आधी किल्ली फिरवून बघितली, चारचौघांत तेवढं करावंच लागतं. आतून उंदीर खोकल्यासारखा आवाज आला. जेवून सुस्तावलेली माणसं उठली आणि त्यांनी नाकाची गाडी ढकलली, मग चपटी ढकलली. काळा धूर ओकत दोन्ही चालू झाल्या. भूपालची भरलेली गाडी कितीही ढकलली तरी लागेना. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरला निरोप धाडला, तो उन्हं कलल्यावर आला. तोवर चंदना मठाच्या हौदातलं पाणी आणून पोत्यांवर मारत राहिली. चैत्रातलं ऊन. दवण्यानं मान टाकली होती.

आणि ते दोघं काय करत होते? तुलना. माझीला किती माणसं लागली आणि तुझीला किती. नाकाची गाडी कमी माणसांत लागली, हे विजयसिंहांनी मला दोनदा येऊन सांगितलं. अण्णांचं म्हणणं होतं की त्यांच्याकडची माणसं जास्त जेवलेली होती. मी दोघांनाही बरं म्हटलं. अशांना दुसरं काही म्हणणं म्हणजे आपलंच तोंड वाया घालवणं.

भूपाल जोतिबाला पोचला तेव्हा दुकानदारांनी दुसऱ्यांचा माल घेऊन टाकला होता. सगळा दवणा परत आला आणि उसाच्या सरीत गेला. पुढच्या आठवड्यात चंदना मला बाजारात भेटली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, फार नुकसान झालं गं तुझं. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी काही भलतंच बोलले.

"तुम्हास्नी ऐकू आली न्हवं?" तिनं विचारलं.

आली म्हटलं.

"मग," ती म्हणाली आणि मेथीची जुडी उलटून बघायला लागली.

अक्का त्यानंतर गायल्या नाहीत. वीणा आता पुतणीकडं आहे, ती चांगली गाते, पण तिसऱ्या हाकेशी अजून अडखळते. येईल तिला. गाडीवाल्यांची नावं मी तुम्हाला सांगितली खरी, पण ती विसरलात तरी चालेल, विसरलात तर बरंच. तुम्ही मात्र रात्री देवापुढं बसाल, घरच्यांची, गेलेल्यांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी एक नाव आणखी घ्या. चंदना म्हणा. तेवढी तिची आठवण ठेवा.