झोपेत घातलेला हार

मी तापट आहे, हे जुन्या इंदुरात कोणालाही विचारा. शाळेतली पोरं मला बघूनच पाढे म्हणायला लागतात. पण फ्लोरियनपुढे मी मऊ पडले आणि तिथेच फसले.

तो बिजलीघरात कारकून, कॅथलिक. मी मराठ्याची मुलगी, मास्तरीण. त्याच्यासाठी सहा महिने दर शनिवारी फादरकडे शिकायला गेले, बाप्तिस्माही घेणार होते. घरच्यांनी माझं नाव टाकलं. टाका म्हटलं, माझं काय अडलंय! लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये आमची नावं वाचायची होती. कोणाची हरकत असेल तर त्याने फादरना कळवायचं. दोन रविवार नीट गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी फादरनी आम्हाला बोलावलं. फ्लोरियनला व्हरांड्यात बसवून आधी मला आत घेतलं.

"भानुमतीबाई, बिननावाची चिठ्ठी आलीये. आठव्या वर्षी मानपुरात तुमचं लग्न झालं होतं? नवरा आहे?"

"झालं होतं. सासरी कधी गेलेच नाही. सासरच्यांनी त्याला दुसरी करून दिली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"फ्लोरियनला सांगितलं होतं. तोच म्हणाला, जाने दे भानू, फादरना कशाला सांगतेस."

फादरनी चष्मा लावून पुढे वाचलं, "'मंगलाष्टकं चालू असताना ती मामाच्या कडेवर झोपलेली होती. हार मामानेच तिच्या हातांनी घातला.' खरं आहे हे?"

अगं बाई! हे तर मला स्वतःलाही आठवत नाही. मामाने मरताना रडत रडत, माफी मागत सांगितलं होतं. आणि मी ते जगात एकाच माणसाला सांगितलं, त्याचा हात धरून.

फादर मात्र खूश झाले. "मग ही हरकत टिकतच नाही. आमच्यात लग्न म्हणजे दोघांनी आपखुशीने दिलेला शब्द. झोपलेली पोर कसला शब्द देणार? मी बिशपना लिहितो. हिंदू लग्नाच्या नव्या कायद्याने फारकतही मिळेल. वेळ लागेल, पण तुमचं लग्न होईल."

त्यांनी फ्लोरियनला आत बोलावून तेच सांगितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"होईल?" तो म्हणाला.

"नको होतं तर तोंडाने सांगायचं होतंस, मेल्या!" मी ओरडले. "माझ्या मामाचं रडणं चिठ्ठीत घातलंस? लाज नाही वाटली?"

तो जमिनीकडे बघतच म्हणाला, "आई ऐकेचना, भानू. तुला नाही म्हणायची हिंमत होत नव्हती. वाटलं, सगळं खरंखरं लिहिलं तर फादरच नाही म्हणतील."

त्याच्यासाठी मी घर सोडलं, आणि त्याच्याने एक शब्द बोलवला नाही. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं.

फादरनी चिठ्ठीची घडी करून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, "बाई, तरी विचारणं माझं काम आहे. याच्याशी लग्न करायची तुमची आपखुशी आहे?"

आठव्या वर्षी मला कोणी उठवून हे विचारलं नव्हतं. आज विचारत होते. त्याच्यावरचा जीव काही जात नव्हता.

"नाही, फादर," मी म्हटलं.